अपडेटनंतर सगळं हळू झालंय

माझं नाव शुभदा. बंगाली जिभेवर ते 'शुभोदा' होतं, आणि बंगालीत नावामागे 'दा' आला की तो माणूस दादा असतो. त्यामुळे 'लॅपटॉप बघायला शुभोदा येणार आहे' असा निरोप ज्या ज्या घरी गेला, तिथं दार उघडणारा माझ्या खांद्यावरून मागं बघायचा. हिच्याबरोबर आलेला दादा कुठं राहिला, असं त्याला वाटायचं. मग मी म्हणायची, "आमिइ शुभदा." की आत आरोळी, "ओ मा, दादा नय गो, दिदी एशेछे!" आणि बघायला घरातली सगळी माणसं बाहेर. आज डोक्यावर पांढरे केस आले तरी निम्म्या कोलकात्याच्या फोनमध्ये मी पुरुष म्हणूनच नोंदलेली आहे. लॅपटॉप दुरुस्त करणं माझं काम, नावं दुरुस्त करणं नाही, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

हे काम मी आधी एस्प्लनेडच्या एका व्यापारी कचेरीत केलं, मग न्यू टाउनच्या एका कंपनीत कानाला हेडफोन लावून केलं, आणि आता घरोघरी जाऊन करते. आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'तुमच्या क्षेत्रातले अनुभव' लिहा असा आग्रह झाला, तेव्हा मी आधी हसले. क्षेत्र कसलं? लोकांचं नेट हळू चालतं आणि मी ते का हळू चालतं ते शोधते, एवढंच. पण हे शोधता शोधता माणसांच्या घरात, पार पलंगाखाली शिरावं लागतं, आणि तिथं बरंच काही दिसतं.

आमच्या धंद्यात सर्वांत जास्त फसवणारा शब्द म्हणजे 'नंतर'. "अपडेटनंतर बिघडलं हो." अपडेट म्हणजे लॅपटॉपच्या आतली व्यवस्था कंपनी अधूनमधून सुधारून पाठवते ते. ते कुणीही मागितलेलं नसतं, आणि येताना ते 'बंद करू नका' असा दम देऊन अर्धा तास पडदा अडवून बसतं. त्यामुळे त्याच्यावर लोकांचा आधीच राग. मग त्यानंतर घरात जे जे वाईट होईल त्याचं खापर त्याच्या डोक्यावर. एका काकूंनी मला प्रामाणिकपणे विचारलं होतं की अपडेटनंतर त्यांचा मिक्सरही घरघर करतोय, तर त्याचा काही संबंध असेल का.

न्यू टाउनला बदलीवर आलेल्या एका बँक अधिकाऱ्यांच्या घरचं असंच. ऐन गणपतीत फोन. "अहो, अपडेट झालं आणि नेट मेलंच." मी गेले. लॅपटॉप ठणठणीत. म्हटलं, राउटर कुठं आहे? म्हणजे ती पेटी, जिच्यात बाहेरून नेट येतं आणि जी ते घरभर हवेतून पसरवते. घरातली सगळी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. राउटर गणपतीच्या मागं होता. त्या भिंतीला प्लग, म्हणून तिथंच मखर, आणि मखर कसलं, तर सगळं चंदेरी पत्र्याच्या कागदानं मढवलेलं. त्या कागदातून रेडिओलहरी जात नाहीत. बाप्पाच्या पाठीमागं तेवढ्या चार विटांच्या जागेत कोलकात्यातलं सर्वोत्तम नेट होतं, आणि ते एकट्या बाप्पाला मिळत होतं. मी म्हटलं, विसर्जनापर्यंत थांबा, आपोआप बरं होईल. वहिनींना ते अशुभ वाटलं, मग आम्ही एक लांब वायर आणून राउटर खिडकीत नेला.

दुसरी गोष्ट एस्प्लनेडच्या कचेरीतली. सगळ्या लॅपटॉपना एकदम अपडेट आलेलं, आणि सकाळपासून कुणाचं पानच उघडेना. मी हत्यारं घेऊन निघाले तर वयस्कर बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, हात आडवा धरला. "आज विश्वकर्मा पूजो. आज जोंत्रे हात देबे ना." यंत्राला हात लावायचा नाही! राउटरला झेंडूची माळ, लॅपटॉपच्या झाकणांवर शेंदराचे टिळे, गच्चीवर पोरं पतंग उडवताहेत. मी मुकाट्यानं लुची आणि आलूरदम खाल्लं, दुसरं काय करणार. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर नेट सुरळीत. बडेबाबूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू विश्वकर्म्याची आणि त्यांची रोजची उठबस आहे. खरं कारण साधं होतं. अपडेट झाल्यावरही त्याचा उरलासुरला माल मागच्या दारानं येत राहतो. सगळे लॅपटॉप एकाच वेळी तो ओढत होते, म्हणून माणसांसाठी रस्ता उरला नव्हता. माल उतरला, रस्ता मोकळा झाला. तेव्हापासून मी फोनवर पहिलं हेच सांगते, लॅपटॉप चालू ठेवा, चार्जिंगला लावा, आणि एक दिवस त्याच्या नादी लागू नका. निम्मी दुखणी एवढ्यानंच जातात.

पण ज्यांच्यासाठी हे लिहायला बसले ते सबनीस सर. ते पेशानं शिक्षक नव्हेत. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन बराकपूरला आले, निवृत्त झाले आणि तिथंच राहिले. बायको, मालूताई, तिथंच गेल्या, आणि त्यानंतर परत जायचं कुणाकडे, असं म्हणून सर हलले नाहीत. रविवारी सकाळी ते मंडळातल्या आठ मुलांना मराठी शिकवतात, लॅपटॉपवरून. मुलं कुणी न्यू टाउनला, कुणी दक्षिण कोलकात्याला, एका जागी येणं अशक्य. फीचा प्रश्न नाही. इतर दिवस सर एकटे असतात, आणि रविवारी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून कॅमेऱ्यासमोर बसतात.

दुर्गापूजेच्या महिनाभर आधी त्यांचा फोन आला. "शुभदा, सबनीस बोलतोय. अगं, या अपडेटनंतर सगळं हळू झालंय. मुलं हळू येतात."

मी ठरलेले प्रश्न विचारले. चालू ठेवलात? ठेवला. एक दिवस थांबलात? आठवडा थांबलो. मग ते जरा घुटमळले. म्हणाले, "मंडळाच्या चिटणीसबाई म्हणाल्या, पूजेपर्यंत बघू. पालकांची तक्रार आहे, निम्मा तास 'पुन्हा सांग, पुन्हा सांग' यातच जातो म्हणून. सुधारलं नाही तर वर्ग बंद करून मुलांना तयार व्हिडिओ पाठवायचे म्हणताहेत." त्यांनी ते हवामान सांगावं तशा आवाजात सांगितलं. पण मला कळलं की हा वर्ग गेला तर या माणसाच्या आठवड्यातला रविवार जाणार.

वर्ग पूजेनंतरही चालू राहिला, हे आधीच सांगून टाकते. गोष्टीत लोकांचा जीव टांगून ठेवायला मला आवडत नाही, फोनवर रांगेत ताटकळलेली माणसं मी पुष्कळ ऐकली आहेत.

सियालदहहून गाडी पकडून मी बराकपूरला गेले. सरांचं घर जुनं, जाड भिंतींचं. राउटर पुढच्या खोलीत, सर मागच्या, कारण तिथं उजेड चांगला. पहिली परीक्षा नेहमीची: लॅपटॉपच्या शेजारीच फोन ठेवायचा आणि दोन्हींवर एकच पान उघडायचं. दोन्ही रखडले तर दोष राउटरचा किंवा बाहेरच्या तारेचा. फोन पळतोय आणि लॅपटॉप रखडतोय, तर दोष लॅपटॉपचा. फोन पळाला.

मग लॅपटॉपच्या आत. लॅपटॉपमध्ये नेट पकडणारी एक छोटी रेडिओची चकती असते, आणि ती चकती व बाकीचा संगणक यांच्यामध्ये एक दुभाषा असतो, त्याला आम्ही ड्रायव्हर म्हणतो. अपडेट कधीकधी जुन्या दुभाष्याला घरी पाठवतं आणि नवा बसवतं. नवा हुशार असतो, पण त्याला या घरच्या सवयी ठाऊक नसतात. शिवाय वीज वाचवायची म्हणून तो मधूनमधून डुलकी काढतो. मी जुन्याला परत बोलावलं, डुलकी बंद केली. राउटर दोन आवाजांत बोलतो, एक दूरवर पोचणारा पण संथ, दुसरा जलद पण भिंतींना घाबरणारा. सरांचा लॅपटॉप संथ आवाजाला चिकटला होता. राउटर मधल्या दारापाशी आणून ठेवला आणि लॅपटॉपला जलद आवाजाची ओळख करून दिली. पान डोळ्यांदेखत उघडलं. सरांनी टाळी वाजवली, आणि मला मुढीवर, म्हणजे चुरमुऱ्यांवर, मेतकूट आणि कच्चं तेल घालून दिलं. असं खाणं जगात फक्त बराकपूरला या एकाच घरी मिळतं.

रविवारी दुपारी फोन. "अगं, तसंच आहे."

"चित्र अडकतं का?"

"छे, चित्र झकास. तन्वीच्या मागं भिंतीवर पाल फिरत होती ती दिसली. पण मुलं हळू येतात."

"हळू म्हणजे, सर?"

"हळू म्हणजे हळू! ऐकू येत नाहीत. आणि शब्दांची शेवटची अक्षरं कापली जातात."

मी कपाळावर हात मारला. हा माणूस पंधरा दिवस मला आवाजाचं सांगत होता आणि मी वेगाचं औषध देत होते. आपल्या भाषेत गाडीही हळू आणि बोलणंही हळू. जन्मभर रोज मराठी बोलले असते तर कान टवकारले असते. पण माझं माहेर मराठी असलं तरी जन्म इथला, सासर बंगाली, आणि मराठी बोलायची वेळ येते ती मंडळात किंवा फोनवर. ऑफिसात 'हळू' म्हणजे नेट, एवढंच डोक्यात बसलेलं.

मात्र अक्षरं कापली जातात म्हटल्यावर मी खूश झाले, कारण त्याचं कारण मला पाठ होतं. हल्लीच्या अपडेटबरोबर आवाज गाळायची एक सोय येते. पंखा, कुत्रं, कुकरची शिट्टी, जे जे माणसाचं बोलणं नाही ते गाळून टाकायचं. पण ही गाळणी अतिउत्साही असते, शब्दाचं टोक हलकं पडलं की तेही कचरा समजून टाकते. घरबसल्या सरांचा लॅपटॉप माझ्या पडद्यावर घेतला आणि गाळणी बंद केली. आठही मुलांच्या आयांना फोन करून त्यांच्याकडची बंद करायला लावली. आता कुठं जाईल?

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मी वाट बघितली आणि संध्याकाळी मीच लावला.

"तसंच," सर म्हणाले. मग म्हणाले, "शुभदा, एक विचारतो, खरं सांग. नेट आहे, का माझा कान आहे? मी अजून कुणाला दाखवलेला नाही. कान निघाला तर मग वर्गाचं काही खरं नाही. मराठी ऐकूच येत नसेल तर शिकवणार काय? पण नेट म्हणून तुला सारखं पळवत असेन, तर ते बरोबर नाही."

ग्राहकानं असं विचारलं की कंपनीत आम्हाला एक वाक्य शिकवलेलं असायचं, 'आम्ही तपासून कळवतो.' तेच म्हणाले. पण फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासत बसले.

पुढच्या रविवारी सकाळी मी सरांकडेच जाऊन बसले, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला. लॅपटॉपचा आवाज दोघांना मिळेल अशी सोय केली, सरांना कर्णा आणि मला इअरफोन. टेबलावर मालूताईंचा फोटो, पाण्याचा तांब्या, आणि सरांच्या हातात एक पिवळी पेन्सिल. मुलं एकेक करून चौकटीत आली. विषय होता 'पूजेची खरेदी'. पहिली तन्वी, न्यू टाउनची, दहा-अकरा वर्षांची, चष्मेवाली.

"आम्ही एस्प्लनेडला गेलो," ती म्हणाली. हे ठणठणीत ऐकू आलं. "मग माझ... आईन... नव... फ्रॉक घेत..."

मी दचकले. माझ्या इअरफोनमध्येही टोकं गायब होती. म्हणजे सरांचा कान नाही! मी त्यांच्याकडे बघून मान हलवणार, एवढ्यात त्यांनी पेन्सिल वर केली. कॅमेऱ्यासमोर पेन्सिल वर झाली की थांबायचं, ही त्यांची पद्धत. "बाळा, आवाज तुटतोय. आणि फ्रॉक तो, की ती, की ते? नीट सांग बघू."

तन्वीनं चष्मा सरळ केला. "नव... फ्रॉक," ती आणखी हळू म्हणाली, आणि तिच्या आवाजाची रेघ पडद्यावर बारीक थरथरली. मी नेटचे आकडे बघत होते. एक थेंब सांडत नव्हता. लॅपटॉप, राउटर, गाळणी, सगळं सोवळ्यासारखं स्वच्छ. मग टोकं कोण खातंय?

तेवढ्यात ओजस नावाच्या मुलानं मध्येच तोंड घातलं की तुझं नेट खराब आहे, तू निघून जा. तन्वी उसळली. "धुर! आमार नेट तो ठिकइ आछे!" असं ती बंगालीत इतक्या जोरात ओरडली की मी इअरफोन उपसून काढला. शब्दाशब्दाचं टोक जागच्या जागी होतं. तेच नेट, तीच मुलगी, तोच मायक्रोफोन.

तेव्हा मला ओळखू आलं. नुसतं समजलं नाही, ओळखू आलं, जुनं माणूस रस्त्यात दिसावं तसं.

मी तन्वीएवढी होते तेव्हा पुण्याहून आत्याचा ट्रंक कॉल यायचा. आत्या प्रेमानं सगळं विचारायची, शाळा, मैत्रिणी, नवं दप्तर. आणि मला घाम फुटायचा. कारण उन्हाळ्यात तिच्याकडे गेले असताना मी 'माझा खिडकी' म्हटलं होतं आणि घरभर पोरं हसली होती. बंगालीत ही भानगड नाही. खिडकी असो, आत्या असो, बस असो, 'आमार' ते 'आमार', कुणाला तो-ती-ते विचारायचं नाही. मराठीत प्रत्येक वस्तूला काहीतरी असतं, ते कुठंही लिहिलेलं नसतं, आणि तुमच्याशिवाय सगळ्यांना माहीत असतं. मग मी एक युक्ती काढली. शब्द मोठ्यानं सुरू करायचा आणि शेवटचं अक्षर गिळून टाकायचं. 'माझ... दप्तर नव... आह...' माझा, माझी, माझं, ऐकणाऱ्यानं हवं ते घ्यावं. आत्या फोनमध्ये ओरडायची, "शुभदा, लाइन खराब आहे गं, शब्द तुटताहेत!" आणि मी म्हणायची, हो आत्या, लाइन खराब आहे. लाइन काचेसारखी स्वच्छ होती. आत्या गेली, तिला हे शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्यातलं पुष्कळसं बोलणं त्या गिळलेल्या अक्षरांत राहून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी सरांना खूण करून मायक्रोफोन बंद करायला लावला. पडद्यावर मुलं हलत होती, एकमेकांना वेडावत होती.

"सर, नेट उत्तम आहे. तुमचा कानही उत्तम आहे."

"मग?"

"मुलंच शेवटचं अक्षर गिळताहेत. तिथं तो-ती-ते असतं ना. चुकायला नको म्हणून तेवढंच हळू बोलतात. मीही असंच करायची."

"पण हे अपडेटनंतर..."

"अपडेटच्या आधीही गिळतच होती, सर. तेव्हा चित्र, आवाज, सगळंच अधूनमधून अडकायचं. त्यात हे लपून जात होतं. अपडेट आलं तसं खापर त्याच्यावर गेलं, आणि आता नेट स्वच्छ झालं म्हणून ते उघडं पडलं."

सरांनी हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं. हे तिसऱ्या कुणीतरी सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या पेन्सिलीमागं त्यांचा जीव होता, इथं जन्मलेल्या या पोरांना पुण्यात, नागपुरात कुणी हसू नये म्हणूनच ते प्रत्येक 'माझा'ला अडवत होते. ते मालूताईंच्या फोटोकडे वळून म्हणाले, "ही म्हणायची मला. अहो, पोरांना वाक्य तरी पुरं करू द्या." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

"आता काय करू?" त्यांनी मला विचारलं, ज्या आवाजात लोक मला 'हे बटण दाबू का?' विचारतात त्या आवाजात.

लॅपटॉपचं असतं तर मी सांगितलं असतं. मुलांचं मला काय कळतं? मी जे सुचलं ते बोलले. "सर, तुम्हाला येत नाही असा एखादा शब्द विचारा त्यांना."

सर हसले. "मला येत नाही असा?" आणि मग ते विचारात पडले. त्यांची नजर मधल्या दारापाशी ठेवलेल्या राउटरवर गेली. त्यांनी पेन्सिल सदऱ्याच्या खिशात टाकली, मायक्रोफोन चालू केला, आणि घसा खाकरला.

"मुलांनो, या शुभदामावशी. आपल्याकडचं... आपल्याकडची... थांबा. वायफाय दुरुस्त झाला? झाली? का झालं?"

आठही चौकटींत मुलं पेन्सिलीची वाट बघत होती. सर म्हणाले, "मला खरंच माहीत नाही. हा शब्द आला तेव्हा मी म्हातारा झालो होतो, मला कुणी शिकवलाच नाही. तुम्ही सांगा."

"सरना माहीत नाही?" ओजसनं विचारलं.

"नाही."

"सच में?"

"अगदी सच में."

(इथं एक कबूल करायला हवं. मलाही माहीत नाही. हा लेख पुन्हा वाचून बघा, वायफायला मी एकही क्रियापद लावलेलं नाही. सवय आहे.)

पहिला ओजस बोलला, चाचरत. "वायफाय... झाला? राउटर तो असतो ना." मग दक्षिणेकडचं कुणीतरी, "नाही, झालं! नेट ते!" मग एक बारीक आवाज, "ती! ती! मशीन ती!" आणि मग तन्वीनं चष्मा वर ढकलला, छाती भरून श्वास घेतला आणि शेवटच्या अक्षरापर्यंत वाजवून म्हणाली, "सर, आमची वायफाय चांगली आहे! आमच्या घरची सगळी चांगली आहे!"

"आमचा जास्त चांगला आहे!"

"आमचं तुझ्यापेक्षा फास्ट आहे!"

"तो!"

"ती!"

"ते, ते, ते!"

कर्णा फाटायच्या बेताला आला. खिडकीतली साळुंकी उडाली. शेजारच्या बंगाली बाई 'की होलो, की होलो' करत व्हरांड्यात आल्या. चुकीचं आणि बरोबर सगळं एकदम येत होतं, प्रत्येक आ, ई आणि अं आपापल्या जागी, तासून ठेवल्यासारखा. सबनीस सरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले होते, गालांवरून पाणी येत होतं, आणि ते हसत हसत पडद्याला विनवत होते,

"अरे, हळू! पोरांनो, जरा हळू!"